रविवारी काय बघायचं, काय शिजवायचं



गटांच्या बैठकांतून आमच्याकडे दोन प्रश्न आले आणि दोन्ही ख्रिस्ती भगिनींचे. हिंजवडी-पिरंगुटच्या बाजूला नोकरीधंद्यासाठी वसईची, नगरची, केरळची ख्रिस्ती कुटुंबं राहायला आली आहेत. त्यांतल्या काहीजणी आता आपल्या बचत गटांत आहेत. एकीने विचारलं, "मोबाइल-टीव्हीवर घरात काय चालू द्यायचं, हे आमच्या श्रद्धेला धरून कसं ठरवायचं? सगळं बंद करून चालत नाही आणि सगळं चालू ठेवलं तर जिवाला घोर लागतो." दुसरीचा प्रश्न असा, की पोरं हॉटेलातला पांढऱ्या सॉसचा कोळंबी पास्ता मागतात, तो घरी कसा करायचा? ज्या ख्रिस्ती नाहीत त्यांनी रेडिओ बंद करू नये. पोरं आणि मोबाइल सगळ्यांच्याच घरी आहेत.

पवित्र शास्त्रात टीव्ही कुठून असणार? पण पौलाने फिलिप्पै गावच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात, चौथ्या अध्यायात, मन कशावर ठेवावं ते सांगितलं आहे: जे खरं आहे, न्यायाचं आहे, निर्मळ आहे, वाखाणण्यासारखं आहे, त्यावर. ही चाळणी बऱ्याच ख्रिस्ती घरांत माहीत असते. अडचण अशी, की एवढ्याच चाळणीने चाळलं तर भजन आणि भक्तिपट सोडून हातात फार काही उरत नाही, आणि तेवढ्यावर पोरं घरात बसत नाहीत.

म्हणून आम्हाला पौलाचं दुसरं एक पत्र जास्त उपयोगी वाटतं. ते करिंथ शहरातल्या मंडळीला लिहिलेलं आहे. तिथे वाद होता जेवणाचा. मूर्तीपुढे ठेवलेलं मांस खावं की नाही? काही म्हणत, मूर्तीत काही नाही, खाल्लं तर काय बिघडलं. काहींना मात्र ते खाताना आपण पाप करतोय असं वाटे. पहिल्या लेखाच्या आठव्या अध्यायात पौल म्हणतो, की तुम्हाला मोकळीक आहे हे खरं, पण तुमच्या खाण्याने जर कच्च्या मनाचा भाऊ अडखळून पडणार असेल, तर ते सोडून द्या. म्हणजे प्रश्न "मला चालतं का" एवढाच नाही. माझ्यामुळे घरातल्या कच्च्या माणसाचं काय होतं, हे आधी बघायचं.

आता आपल्याच तालुक्याचं नाव असलेला सिनेमा घेऊ. प्रवीण तरडे यांचा 'मुळशी पॅटर्न' २०१८ साली आला. जमिनी विकल्या, पैसा आला तसा गेला आणि शेतकऱ्याचा पोरगा गुन्हेगारीत शिरला, ही त्याची गोष्ट. मारामारी आहे, शिव्या आहेत. चाळणीचा पहिला नियम लावला तर बाद. पण तो खरा आहे का? आपल्यापैकी किती घरांनी प्लॉटिंगवाल्यांना जमीन दिली, त्या पैशाच्या गाड्या घेतल्या आणि आज त्या गाड्याही नाहीत, हे आम्ही इथे सांगायला नको. पाप दाखवणं वेगळं आणि पापाची चव लावणं वेगळं. येशूला वधस्तंभावर दिलं ती गोष्टसुद्धा रक्ताचीच आहे, पण ती ऐकून कुणाला कुणाला मारावंसं वाटत नाही. त्यामुळे पस्तीस-चाळीस वर्षांच्या बाईने हा सिनेमा बघून जमिनीचा विचार केला, तर आमच्या मते तो बघण्यासारखाच आहे.

चौदा वर्षांच्या पोराचं मात्र तसं नाही. त्याच्या डोक्यात शेवट राहत नाही, गॉगल आणि चाल राहते. त्यातल्या गाण्यावर वरातीत नाचणाऱ्या पोरांना शेवटी काय झालं ते विचारून बघा. तेव्हा सिनेमा एकच, पण आईने बघावा आणि पोराने थांबावं, किंवा दोघांनी शेजारी बसून बघावा आणि संपल्यावर बोलावं. लूकच्या शुभवर्तमानात उधळ्या मुलाचा दाखला आहे. आपला वाटा मागून घेतलेला, सगळा उडवलेला आणि डुकरं राखायची पाळी आलेला मुलगा. ख्रिस्ती आईला तो दाखला या सिनेमाच्या शेजारी ठेवून पोराशी बोलता येईल. दाखल्यातला मुलगा घरी परत येतो आणि बाप धावत सामोरा जातो, हा फरकही पोराला दिसू दे.

मालिकांचं आम्हाला जास्त भय वाटतं, कारण त्यात रक्त नसतं म्हणून कुणी हरकत घेत नाही. दाराआडून ऐकणारी जाऊ, दुधात काहीतरी कालवणारी सासू, रोज रात्री तेच. यात खरं किती? अर्धा तास बघून झाल्यावर आपल्या खऱ्या जावेकडे आपण कशा नजरेने बघतो, एवढं तपासा. एका गटात बायकांनी मालिका बघितल्यावर घरात पहिलं वाक्य काय बोललं गेलं, ते आठवडाभर ध्यानात ठेवलं. पुढच्या बैठकीत हसून हसून पुरेवाट झाली. त्यांतल्या दोघींनी मालिका सोडली. बाकीच्या बघतात, आता थट्टा करत बघतात, तेही वाईट नाही.

पैसे लावून खेळायचे मोबाइलवरचे खेळ मात्र मनोरंजनात धरूच नका. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने त्यांच्यावर बंदी घालणारा कायदा केला आहे. गटाचं कर्ज घेऊन ते रमीत घालवणाऱ्या घरात कच्चा माणूस कोण, हे शोधायला पत्र वाचावं लागत नाही.

लहान मुलांसाठी एक सोपी सोय आहे. २०२१ च्या नियमांनुसार मोबाइलवरच्या सिनेमा-मालिकांच्या ॲपना वयाचं लेबल लावावं लागतं: यू, यूए ७+, यूए १३+, यूए १६+ आणि ए. १३+ पासून वरच्या कार्यक्रमांना आईबापाने कुलूप लावायची सोय ॲपमध्ये असलीच पाहिजे. सेटिंगमध्ये जाऊन चार आकडी पिन टाकायचा. पिन पोराची जन्मतारीख ठेवू नका, ते त्याला पाठ असतं.

मनोरंजनच नको, असं महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती लोकांनी म्हटलेलं नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, पण अभंग आणि कीर्तन टाकलं नाही. इथल्या माणसाला कानाला गोड लागतं त्यातूनच त्यांनी ख्रिस्ताची गोष्ट सांगितली. त्यांचं 'ख्रिस्तायन' अपुरं राहिलं आणि १९१९ साली ते गेले. त्यानंतर त्याचा मोठा भाग लक्ष्मीबाईंनी लिहिला. शाळेत न गेलेल्या या बाईचं 'स्मृतिचित्रे' तर आम्ही सगळ्याच गटांना सांगतो. रोज रात्री दोन-तीन पानं मोठ्याने वाचायची. नवऱ्याचा तऱ्हेवाईकपणा, स्वतःचं सोवळं-ओवळं, सगळ्यावर त्या हसतात, आणि कुणालाही खाली पाडून हसत नाहीत. फिलिप्पैकरांच्या चाळणीतून हे पुस्तक हसत-खेळत पार होतं.

आता पास्ता. ईस्टरच्या आधी चाळीस दिवसांचा उपवासकाळ असतो. त्यातल्या शुक्रवारी कॅथलिक लोक मांस वर्ज्य करतात, मासे चालतात. पण साय घातलेला कोळंबीचा पास्ता खाऊन उपवास केला म्हणणं म्हणजे साबुदाणा वडे खाऊन एकादशी केल्यासारखं. हा रविवारचाच पदार्थ. टीव्ही बंद, पोरांना लसूण सोलायला बसवायचं, बापाला कोळंबी साफ करायला.

इथेही ताटावरच्या माणसांकडे आधी बघा. कोळंबीने अंगावर पित्त उठणारं कुणी घरात असेल तर त्याच्यासाठी वेगळं करा. दुसरं म्हणजे, मासे आणि दूध एकत्र खाल्लं की कोड येतं, असं आपल्याकडे मानतात. आयुर्वेदात हे विरुद्ध अन्न सांगितलं आहे. आजचे त्वचारोगाचे डॉक्टर सांगतात, की कोड दूध-माशांनी येत नाही, शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच रंगपेशींवर उलटते म्हणून येतं. पण सासूबाईंच्या मनात भीती असेल तर त्यांच्याशी वाद घालत बसू नका. दुधाऐवजी नारळाचं दाट दूध घाला. कोकणात कोळंबी नारळाच्या दुधातच शिजते, चवीला तसूभर कमी नाही.

सहा जणांसाठी पाव किलो नळीचा पास्ता किंवा मॅकरोनी घ्या. सोललेली कोळंबी पाव किलो. पाठीवर चीर देऊन काळा दोरा काढायचा, नाहीतर दाताखाली कचकच येते. जोडीला सुरमईचे काटे काढलेले तुकडे घातले तर छान. धरणातला रोहू यात घालू नका, बारीक काट्यांनी पोरं घाबरतात. जून-जुलैत आपल्या किनाऱ्यावर मासेमारी बंद असते, तेव्हा सोडे अर्धा तास कोमट पाण्यात भिजवून वापरा आणि मीठ बेताने घाला.

अडीच लिटर पाणी खळखळ उकळून त्यात दीड चमचा मीठ आणि पास्ता टाका. आठ-दहा मिनिटांत दाताखाली किंचित कणखर लागला की काढा. एक वाटी पाणी बाजूला ठेवा, ओतून देऊ नका. कोळंबीला मीठ-मिरपूड लावून लोण्यावर दोन-तीन मिनिटंच परता. रंग पालटून ती वळली की झालं, जास्त शिजवली तर रबर होते. सुरमईलाही तेवढाच वेळ. मग दोन्ही काढून ठेवा. त्याच कढईत आणखी दोन चमचे लोणी, आठ पाकळ्या ठेचलेला लसूण, एक बारीक चिरलेला कांदा. कांदा मऊ झाला की दोन मोठे चमचे मैदा मंद आचेवर परता. कच्चा वास जाऊ दे, रंग येऊ देऊ नका. मग अर्धा लिटर दूध थोडं थोडं घालत ढवळत राहा. एकदम ओतलं की गुठळ्या होतात. झाल्याच तर रवीने घुसळा. म्हशीचं दूध असेल तर बाजारचं क्रीम आणायची गरज नाही, घरची अर्धी वाटी साय पुरते. नारळाचं दूध वापरणाऱ्यांनी मैदा एकच चमचा घ्यावा, साय वगळावी आणि जोराची उकळी येऊ देऊ नये.

सॉस डावाला चिकटून राहील इतका दाट झाला की पास्ता, कोळंबी, सुरमई घाला, घट्ट वाटलं तर राखून ठेवलेलं पाणी घालून सैल करा. लिंबू गॅस बंद केल्यावर पिळा, आधी पिळलं तर दूध फाटेल. लगेच वाढा, कारण थंड झाला की सॉस गोळा होतो. उरला तर रात्री बाहेर ठेवू नका. फ्रीज नसेल तर बेतानेच करा किंवा शेजारच्या घरी एक वाटी द्या.