सरावाचे पंचांग

पोलीस शिपाई भरतीची मैदानी चाचणी ५० गुणांची असते. मुलांना १६०० मीटर धावण्याचे २०, १०० मीटरचे १५ आणि गोळाफेकीचे १५ गुण. मुलींना १६०० ऐवजी ८०० मीटर. म्हणजे चाळीस टक्के गुण एकाच धावेवर ठरतात, आणि मुलांची ती धाव पाच-सहा मिनिटांत संपते. या पाच-सहा मिनिटांसाठी महाराष्ट्रातली लाखो मुले वर्षानुवर्षे पहाटे उठतात. आमच्या बेलपाड्यातही उठतात.

पनवेल तालुक्यातले हे गाव आता खारघरच्या इमारतींत मिसळून गेले आहे. नवी मुंबईसाठी सिडकोने ज्या ९५ गावांच्या जमिनी घेतल्या, त्या पट्ट्यातले हे एक. नोव्हेंबर २०२३ पासून बेलापूर-पेंधर मेट्रोच्या एका स्थानकाला गावाचे नाव मिळाले आहे. पण ज्या घरांची भातखाचरे गेली, त्या घरांतल्या मुलांना अजूनही खात्रीची नोकरी म्हणजे वर्दीची नोकरी वाटते. पहाटे रस्त्यावर भेटणाऱ्या या मुलांना मी बरेचदा विचारतो, ‘आज काय करणार?’ उत्तर ठरलेले असते, ‘काका, सोळाशे मारणार.’ उद्या? ‘सोळाशेच.’ परवा? तेच. रोज घड्याळ लावून, जीव तोडून, डांबरी रस्त्यावर. पहिले दोन महिने वेळ भराभर कमी होते. मग ती एका आकड्यावर अडते. त्यानंतर नडगी दुखू लागते, आणि पुष्कळांचा सराव तिथेच सुटतो.

मी प्रशिक्षक नाही आणि खेळाडूही नव्हतो. व्यायामशास्त्रावरची जुनी-नवी पुस्तके जमवून वाचणे, हा माझा गेल्या अनेक वर्षांचा नाद. त्या वाचनातून एक गोष्ट मला स्पष्ट दिसते. या मुलांकडे मेहनत कमी नाही, पंचांग नाही. कोणत्या दिवशी किती कष्ट करायचे आणि कोणत्या दिवशी मुद्दाम हात आखडता घ्यायचा, हे आधी ठरवणे म्हणजे सरावाची आखणी. त्यातला दुसरा भाग पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे.

शरीर घडते कधी?

व्यायाम करताना शरीर बलवान होत नाही, उलट थकते. स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा होते, त्यांत साठवलेली साखर संपत येते. शरीर घडते ते नंतर, खाण्यात आणि झोपेत. हान्स सेल्ये या वैद्यकाने १९३६ साली ‘नेचर’ नियतकालिकात एक छोटेसे टिपण प्रसिद्ध केले. ताण कोणताही असो, शरीर आधी हादरते, मग त्याच्याशी जुळवून घेते, आणि ताण थांबलाच नाही तर शेवटी खचते, असे त्याचे प्राण्यांवरील प्रयोगांतून निघालेले निरीक्षण होते. खेळाच्या प्रशिक्षकांनी ही कल्पना उचलली. पुढे सोव्हिएत जीवरसायनशास्त्रज्ञ याकोव्लेव्ह यांनी दाखवले की कष्टानंतर पुरेशी विश्रांती मिळाली, तर स्नायूंतला साखरेचा साठा पूर्वीच्या पातळीवर येऊन थांबत नाही, काही काळ तिच्या थोडा वर जातो. पुढचा कष्टाचा दिवस त्या चढावर आला तर प्रगती. त्याआधीच, खड्ड्यात असताना आला, तर खड्डा आणखी खोल.

प्रत्यक्ष शरीर या चित्राइतके सरळ नाही, कारण त्यातली प्रत्येक गोष्ट आपापल्या वेळापत्रकाने चालते. साखरेचा साठा साधारण एका दिवसात भरतो. दुखरा स्नायू दोन-तीन दिवसांत सावरतो. हाड आणि स्नायुबंध यांना मात्र नव्या भाराची सवय व्हायला आठवडे, महिने लागतात. म्हणून नवशिक्या धावपटूचा दम लवकर वाढतो आणि नडगीचे हाड मागे राहते. दम म्हणतो, पळ. हाड म्हणते, थांब. हाडाची बाजू घेणारा माणूस म्हणजे प्रशिक्षक.

तालमीचे वर्ष

हे सारे ज्ञान परदेशातूनच आले असे समजण्याचे कारण नाही. आपल्या तालमींना ते अनुभवाने ठाऊक होते, फक्त त्याचे सूत्र कोणी मांडले नव्हते. पहाटे जोर-बैठका आणि लढती, मग अंग निवेपर्यंत मातीत पडणे, मालिश, खुराक, दुपारची झोप, संध्याकाळी पुन्हा मेहनत. या दिनक्रमात विश्रांती उरल्यासुरल्या वेळेत घ्यायची नसे, ती वस्तादाच्या शिस्तीचाच भाग असे. वर्षालाही आकार होता. गावोगावच्या जत्रा-उरूस म्हणजे कुस्त्यांचा हंगाम. त्यांच्या तिथी ठरलेल्या. पाऊस लागला की मोठे फड थांबत आणि अंग कमावण्याचे महिने सुरू होत. कोणत्या मैदानासाठी कोणता पैलवान केव्हा तयार हवा, हे वस्ताद तिथीवरून मागे मोजत येई. सरावाचे पंचांग म्हणतो ते याच अर्थाने.

त्या मातीतून वर आलेले सर्वांत मोठे नाव खाशाबा जाधव. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते फ्लायवेट गटात सहावे आले. तोवरची त्यांची सारी कुस्ती मातीतली, गादीवरचे नियम नवे. तिथून १९५२ च्या हेलसिंकीपर्यंत चार वर्षे होती. तारीख माहीत होती, उणीवही माहीत होती. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात गोविंद पुरंदरे यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांची तयारी झाली. प्रवासखर्चासाठी प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. हेलसिंकीत बँटमवेट गटात त्यांनी कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

त्या पदकाच्या कथेतला एक तपशील आपल्या विषयाच्या गाभ्याशी येतो. पुढे सुवर्ण मिळवणाऱ्या जपानच्या शोहाची इशीईशी खाशाबांची लढत खूप लांबली आणि ते हरले. त्यानंतर लगेच त्यांना सोव्हिएत संघाच्या रशीद मम्मदबेयोव्ह यांच्याशी लढायला बोलावले गेले. दोन लढतींत किमान अर्धा तास विश्रांती द्यावी असा नियम होता, पण तो बजावून सांगायला भारतीय पथकातले कोणी तिथे हजर नव्हते, असे खाशाबांविषयी लिहिणारे नेहमी सांगतात. थकलेल्या खाशाबांचा तो डाव गेला. चार वर्षांच्या कष्टाइतकेच वजन त्या दिवशी अर्ध्या तासाला होते.

तारखेपासून मागे

त्याच हेलसिंकीत चेकोस्लोव्हाकियाचा एमिल झाटोपेक ५०००, १०,००० मीटर आणि मॅरेथॉन अशा तिन्ही शर्यती जिंकला. तो ४०० मीटरचे तुकडे जोरात पळायचा, मध्ये हळू पळून दम घ्यायचा, पुन्हा जोरात. जगाने त्याच्याकडून तुकड्यांचा सराव उचलला. पण तुकड्यांनाही मर्यादा असते, हे दोनच वर्षांनी दिसले.

१९५४ च्या वसंतात लंडनमधला वैद्यकाचा विद्यार्थी रॉजर बॅनिस्टर चार मिनिटांच्या आत एक मैल धावण्याच्या तयारीत होता. मैल म्हणजे १६०९ मीटर, आपल्या भरतीच्या सोळाशेहून नऊ मीटर जास्त. तो पाव मैलाचे दहा तुकडे काढी. प्रत्येक तुकडा ६० सेकंदांच्या आत हवा होता, पण वेळ ६१ च्या खाली येईना. आमच्या मुलांचा आकडा अडतो, तसाच त्याचाही अडला. त्याने सराव वाढवला नाही. मित्राबरोबर तो स्कॉटलंडच्या डोंगरांत चढाईला निघून गेला. तीन-चार दिवसांनी परतल्यावर तेच तुकडे ५९ सेकंदांत निघाले. ६ मे रोजी तो ३ मिनिटे ५९.४ सेकंदांत मैल धावला, आणि त्याआधीचे काही दिवस त्याने पूर्ण विश्रांती घेतली होती.

न्यूझीलंडच्या आर्थर लिडियार्डने याला वर्षाचा आकार दिला. आधी काही महिने लांब आणि सोसवेल अशा गतीची धाव, आठवड्याला शंभर मैलांपर्यंत. मग चढावरचा सराव, मग वेगाचे तुकडे, आणि शर्यतीआधी भार कमी. त्याचा ८०० मीटरचा धावपटू पीटर स्नेलसुद्धा डोंगरवाटांवर बावीस मैल धावत असे. लोक हसले. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये एकाच दिवशी स्नेलने ८०० मीटरचे आणि मरे हालबर्गने ५००० मीटरचे सुवर्ण जिंकले. याच दशकात सोव्हिएत संघात लेव्ह मात्वेयेव्ह यांनी वर्षाचे तयारी, स्पर्धा आणि संक्रमण असे तीन काळ पाडून या आखणीला शास्त्राची चौकट दिली.

लांब, हळू धाव कशासाठी, याचे उत्तर सोपे आहे. पाच-सहा मिनिटांच्या धावेत लागणाऱ्या ऊर्जेपैकी सुमारे चार-पंचमांश प्राणवायूच्या साहाय्याने तयार होते. ते इंजिन रोज जीव तोडून पळण्याने फारसे मोठे होत नाही. गप्पा मारता येतील अशा गतीने केलेल्या पुष्कळ धावेने होते.

आणि ते हळूहळूच होते. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातील मांडव्याच्या अविनाश साबळे याने २०१८ मध्ये ३००० मीटर स्टीपलचेसचा ३७ वर्षे जुना राष्ट्रीय विक्रम ८ मिनिटे २९.८० सेकंदांनी मोडला. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेतल्या रौप्यपदकाची वेळ ८:११.२०, आणि जुलै २०२४ मध्ये पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये ८:०९.९१. जागतिक दर्जाची गुणवत्ता, सैन्यदलाचा आधार, उत्तम प्रशिक्षक, सारे असूनही वीस सेकंद कमी व्हायला सहा वर्षे लागली.

तिथी नसलेली परीक्षा

इथे भरतीच्या मुलांची खरी अडचण समोर येते. वस्तादाला जत्रेची तिथी माहीत होती, खाशाबांना ऑलिंपिकची, बॅनिस्टरला ६ मेची. पोलीस भरतीच्या मुलाला तारीख माहीतच नसते. २०२४ मध्ये अर्ज मार्चमध्ये सुरू झाले, मैदानी चाचणी १९ जूनला, ऐन पावसाच्या तोंडावर सुरू झाली. उद्याही बोलावणे येईल या धास्तीने मुलगा रोज परीक्षा देत राहतो. रोज सोळाशे मारणे हा अडाणीपणा नाही, तिथी नसलेल्या माणसाचा तो नाइलाज आहे.

पण लिडियार्डच्या मांडणीतच यावर एक उपाय आहे. दमाचा पाया बांधायला महिने लागतात, आणि बांधलेला पाया थोड्या दिवसांत ढासळत नाही. वेगाची धार मात्र सहा-आठ आठवड्यांत लागते आणि तितक्याच लवकर बोथटही होते. म्हणून तारीख कळेपर्यंत पाया राखावा. आठवड्यातले चार दिवस सोसवेल गतीने, शक्यतो मातीवर धाव. एक दिवस तुकडे. एक दिवस गोळाफेक आणि ताकदीचा व्यायाम. एक दिवस काहीही नाही. भार दर आठवड्याला थोडाच वाढवावा आणि दर चौथ्या आठवड्याला कमी करावा. तारीख जाहीर झाली की तिथून मागे मोजून वेगाचे आठवडे बसवावेत, आणि शेवटच्या दोन आठवड्यांत वेग तोच ठेवून अंतर निम्म्यावर आणावे. पूर्ण सोळाशे घड्याळ लावून महिन्यातून एकदा पुरे.

यासाठी महागडे यंत्र लागत नाही, एक वही लागते. कार्ल फॉस्टर या अमेरिकी संशोधकाने मोजमापाची साधी रीत रूढ केली. सराव किती जड गेला याला दहापैकी आकडा द्यायचा आणि त्याला मिनिटांनी गुणायचे. ४५ मिनिटांची सोपी धाव, जडपणा ४, म्हणजे १८०. वीस मिनिटांचे तुकडे, जडपणा ९, तेही १८०. आठवड्याची बेरीज एकदम फुगली, की थांबायचे. याच संशोधकाला एक गंमतही आढळली. प्रशिक्षकाने सोपा म्हणून ठरवलेला दिवस खेळाडू जड करून टाकतात, आणि जड दिवस त्यामुळे पुरेसा जड होत नाही. सगळे दिवस मधल्याच रंगाचे होतात. हळू धावायला धीर लागतो, आणि बरोबरीची पोरे पुढे जाताना तो टिकवायला जवळ कोणीतरी वडीलधारे लागते.

वस्ताद तेच काम करी. आज गावोगावी मुलांना जमवून पळवणारे निवृत्त जवान आणि पोलीस आहेत, त्यांच्या तळमळीविषयी शंका नाही. त्यांच्या हाती वही आली पाहिजे. आणि शासनाच्या हाती एक याहून सोपी गोष्ट आहे, जिला पैसाही लागत नाही. मैदानी चाचणीची तारीख किमान तीन महिने आधी जाहीर करावी आणि ती पाळावी. तीन महिन्यांत नियमाने तयारी करणारा मुलगा आणि नशिबावर हवाला ठेवून रोज स्वतःला झिजवणारा मुलगा यांतला फरक मग मैदानावर दिसेल. तोच तर त्या चाचणीचा हेतू आहे.