लुई लिंग : खटल्याआधीचा सुतार

मे दिनाची कहाणी सांगताना आपण शिकागोच्या हेमार्केट चौकापाशी थांबतो आणि फाशीची शिक्षा झालेल्यांची नावे घेतो. त्यांतला सर्वांत तरुण लुई लिंग 'बाँब बनवणारा' एवढ्याच ओळखीने उरतो. ही ओळख खोटी नाही, पण ती फिर्यादी पक्षाने ठरवून दिलेली आहे. लिंग १८६४ मध्ये जर्मनीतल्या बाडेन प्रांतात जन्मला. वडील लाकडाच्या वखारीत कामाला. गोठलेल्या नदीवरचा ओंडका वाचवताना ते बर्फाखाली गेले, प्रकृती ढासळली, आणि मालकाने आधी मजुरी कापून पुढे त्यांना कामावरूनच काढले, असे लिंगने तुरुंगात लिहिलेल्या आत्मकथनात आहे. आत्मसमर्थनाचा वाटा वजा केला तरी पुढचा मार्ग त्यातून उलगडतो. सुतारकी शिकून, सक्तीची लष्करभरती टाळत तो स्वित्झर्लंडमार्गे १८८५ च्या उन्हाळ्यात शिकागोला पोचला. १८७१ च्या आगीनंतर उभ्या राहिलेल्या या शहरात दारे-खिडक्या आता यंत्रावर तयार होत. सुताराच्या हातून अख्खे काम जाऊन तुकडे उरले होते आणि मजुरी नगावर आली होती. शिवाय कामगारांतला मोठा हिस्सा जर्मनभाषक. सुतारांच्या युनियनने लिंगला संघटक नेमले ते या गरजेपोटी. मे १८८६ पर्यंतच्या दहा महिन्यांत कोण काय उभारणार, असे कुणी म्हणेल. पण हेच महिने आठ तासांच्या कामाच्या दिवसासाठीच्या चळवळीचे होते आणि १ मे १८८६ च्या सुमारास देशभर लाखो कामगार संपावर गेले.

खरा आक्षेप वेगळा आहे. ४ मे रोजी हेमार्केट चौकातल्या सभेत पोलिसांवर बाँब टाकला गेला आणि त्यात पोलीस मारले गेले; त्या दिवशी लिंग घरात बाँब भरत होता, अशी साक्ष त्याचा घरमालक व सहकारी सुतार विल्यम सेलिगर याने दिली. सेलिगरला पोलिसांकडून पैसे मिळाले होते, म्हणून त्याचे सगळेच बोलणे फेकून देता येत नाही: लिंगने बाँब केल्याचे नाकारलेच नाही, आणि फुटलेल्या बाँबच्या तुकड्यांच्या रासायनिक तपासणीतही त्याच्या बाँबशी साम्य आढळले. टिमथी मेसर-क्रूसे या इतिहासकाराने अलीकडे याच पुराव्यावर भर दिला आहे. तो मान्य केला तरी प्रश्न सुटत नाही. लिंग चौकात नव्हता. बाँब कुणी टाकला हे आजवर सिद्ध झालेले नाही, आणि फेकणाऱ्याच्या हाती तो लिंगने दिला असे सांगणारा साक्षीदार पुढे आला नाही. खटला चालवणाऱ्या न्यायमूर्ती गॅरी यांनी तर फेकणारा ओळखण्याची गरजच नाही, अशी दिशा ज्यूरीला दिली. हिंसेचे समर्थन करणारा आणि त्या खुनांचा गुन्हेगार, या दोन गोष्टींतले अंतर तिथेच पुसले गेले.

लिंगने दयेची याचना केली नाही. १० नोव्हेंबर १८८७ रोजी, फाशीच्या आदल्या दिवशी, कोठडीत तोंडात स्फोटक फोडून घेऊन तो मेला, वय २३. १८९३ मध्ये इलिनॉयचे गव्हर्नर आल्टगेल्ड यांनी, जे स्वतःही जर्मनीत जन्मलेले, पुरावा तोकडा व ज्यूरी एकतर्फी असल्याचे लिहून शिक्षा झालेल्यांपैकी जिवंत असलेल्या तिघांना माफी दिली. चळवळही थांबली नव्हती: १८९० मध्येच अमेरिकन फेडरेशन ऑफ लेबरने आठ तासांच्या नव्या लढ्याची आघाडी सुतारांकडे सोपवली होती, मात्र ती लिंगच्या युनियनच्या प्रतिस्पर्धी संघटनेकडे.