शामक औषधांचा संयुक्त वापर, बालरुग्णांतील

लहान मुलांवर वैद्यकीय उपचार किंवा तपासणी करताना भीती, वेदना व हालचाल यांवर नियंत्रण ठेवण्यासाठी दोन किंवा अधिक औषधे एकत्र देण्याची पद्धती. मोडलेले हाड जुळविणे, अस्थिमज्जेचा नमुना काढणे यांसारख्या वेदनायुक्त प्रसंगी ती उपयोगी पडते. एमआरआय तपासणीत वेदना नसून केवळ मूल स्थिर राहणे आवश्यक असते. तेथे बहुधा एकच औषध पुरते.

मिडॅझोलॅमामुळे चिंता कमी होते व प्रसंगाची स्मृती पुसट होते, परंतु वेदना शमत नाही. फेंटॅनिल हे अफूसदृश औषध वेदना शमविते. दोन्ही एकत्र दिल्यास प्रत्येकाची मात्रा कमी ठेवता येते आणि ती कमी ठेवावीच लागते; कारण त्यांचा श्वसन मंदावणारा परिणाम नुसत्या बेरजेपेक्षा अधिक असतो. शरीराच्या वजनाच्या मानाने मुलांना ऑक्सिजन प्रौढांपेक्षा जास्त लागतो, तर फुप्फुसांतील त्याचा साठा लवकर संपतो. त्यामुळे श्वसन थांबल्यास हाती फारच थोडा वेळ उरतो.

पेथिडीन, प्रोमेथाझीन व क्लोरप्रोमाझीन यांचे मिश्रण विसाव्या शतकात मुलांसाठी पुष्कळ वापरीत. त्यातील एकाच घटकाची मात्रा बदलता येत नसे व गुंगी दीर्घकाळ टिके. म्हणून ते मागे पडले. अमेरिकेत चार्ल्स कोटे व त्यांचे सहकारी यांनी २००० मध्ये ९५ दुर्घटनांचे विश्लेषण प्रसिद्ध केले. त्यांपैकी ५१ मुले दगावली, तर ९ मुलांच्या मेंदूस कायमची इजा झाली. औषध कोणते किंवा कोणत्या मार्गाने दिले, यापेक्षा अतिरिक्त मात्रा आणि अनेक औषधांचा, विशेषतः तीन किंवा अधिक औषधांचा, संयोग यांच्याशी दुर्घटनांचा संबंध आढळला. काही मुलांना औषध घरीच देण्यात आले होते.

म्हणून मात्रा वजनानुसार ठरवून थोडीथोडी देतात व आधीच्या मात्रेचा परिणाम दिसल्यावरच पुढची देतात. नियोजित उपचारापूर्वी मुलास साधारणतः निवळ द्रव २ तास, स्तन्य ४ तास व हलका आहार ६ तास वर्ज्य असतो. उपचार करणाऱ्याखेरीज दुसरी प्रशिक्षित व्यक्ती सतत निरीक्षण करते. रक्तातील ऑक्सिजन घटल्याचे उशिरा कळते. उच्छ्वासातील कार्बन डाय-ऑक्साइडाचे मापन श्वसनातील बिघाड आधी दर्शविते. नॅलॉक्सोन फेंटॅनिलाचा आणि फ्लुमाझेनिल मिडॅझोलॅमाचा परिणाम रोखते. परंतु उताऱ्याचा प्रभाव आधी ओसरल्यास गुंगी परत येऊ शकते. शिवाय वेदनेचे उद्दीपन थांबताच मूल अधिक खोल गुंगीत जाण्याचा धोका असतो. त्यामुळे उपचार संपला तरी निरीक्षण संपत नाही. मूल पूर्ववत जागे होऊन त्याचे श्वसन स्थिर झाल्यावरच त्यास घरी पाठवितात.