सडक्या अंड्याच्या वासाचा वायू आणि आधी मांडलेलं गणित

हायड्रोजन सल्फाइड प्रयोगशाळेत तयार केला की मुलं नाकाला रुमाल लावतात. सडक्या अंड्यासारखा वास! हाच वायू 2015 मध्ये जगभर गाजला, पण वासामुळे नव्हे.

तारेतून वीज जाताना तार तापते, म्हणजे थोडी वीज वाया जाते. काही पदार्थ खूप थंड केले की त्यांचा विरोध एकदम शून्य होतो. ही अतिसंवाहकता. 1911 मध्ये हॉलंडच्या कॅमरलिंग ओनेस यांना ती पाऱ्यात दिसली, उणे 269 अंशांवर. एमआरआय मशीनचं चुंबक याच गुणावर चालतं आणि त्याला गार ठेवायला महागडं द्रव हेलियम लागतं. कमी थंडीत चालणारा पदार्थ मिळाला तर तपासणीचा खर्चही उतरू शकेल.

नील अॅशक्रॉफ्ट यांनी 1968 मध्येच म्हटलं होतं की प्रचंड दाबाखाली हायड्रोजन धातू बनला तर तो कमी थंडीतही अतिसंवाहक होईल. अणू हलका, त्यामुळे कंपनं जलद. 2004 मध्ये त्यांनी पुढची वाट सांगितली: भरपूर हायड्रोजन असलेली संयुगं घ्या, म्हणजे दाब कमी पुरेल.

‘पण करून न बघता कसं कळणार?’ वर्गात हा प्रश्न हमखास येतो. संगणक अणूंच्या हजारो मांडण्या करून पाहतो. जिची ऊर्जा सर्वांत कमी, ती टिकणारी. मग तिच्यातली कंपनं इलेक्ट्रॉनांना कितपत जोडतात, याचा हिशोब.

2014 मध्ये चीनच्या जिलिन विद्यापीठातील गटाने असं गणित मांडलं: एका गंधकाला तीन हायड्रोजन, अतिसंवाहकता उणे 82 ते उणे 69 अंशांदरम्यान. जर्मनीत माइन्झला मिखाइल एरेमेट्स यांच्या गटाने हाच वायू दोन हिऱ्यांच्या टोकांमध्ये हवेच्या सुमारे 15 लाख पट दाबाने दाबला. मोजमाप आलं उणे 70! आम्हाला यातलं हेच सर्वांत भावतं.

उलट 2020 मध्ये अमेरिकेतून थेट 15 अंशांचा दावा आला. आकडेवारीवर शंका निघाल्या आणि 2022 मध्ये ‘नेचर’ने तो शोधनिबंध मागे घेतला.

दाब काढला की हा गुणही जातो, म्हणून घरातल्या तारा इतक्यात बदलणार नाहीत. शोध मात्र चालू आहे. कॅल्शियमला सहा हायड्रोजन जोडलेल्या संयुगाचं भाकीत 2012 मध्ये झालं. ते हाती आलं 2022 मध्ये, उणे 58 अंशांच्या आसपास.