पायरी आणि डोळ्याचं माप

आपल्या मुखेडची मंडळी माहूरला रेणुकामातेच्या दर्शनाला जातात. पायऱ्यांशी पोचलं, की तरणा गडी म्हणतो, "चला!" म्हातारी म्हणते, "मी बसते बाबा इथंच." पायऱ्या त्याच. मग फरक कशाचा?

डोळा पायरी इंचानं मोजत नाही. आपल्या पायानं मोजतो. अमेरिकेतल्या विल्यम वॉरेन नावाच्या शास्त्रज्ञानं उंच आणि ठेंगण्या तरुणांना लहानमोठ्या पायऱ्यांची चित्रं दाखवली. हात न टेकता कोणती चढता येईल, ते नुसतं बघून सांगायचं होतं. १९८४ साली त्याचा निष्कर्ष छापून आला. उंचांची हद्द वर होती, ठेंगण्यांची खाली. पण ज्याच्या त्याच्या पायाशी ताडलं, तर माप एकच निघालं. पाय ३२ इंच असेल, तर हद्द सुमारे २८ इंच. मात्र दम सर्वांत कमी लागतो तो पायाच्या चौथ्या हिश्शाला, म्हणजे ८ इंचांच्या आसपास.

वय झालं, की गुडघ्यातलं बळ कमी होतं. त्याबरोबर डोळ्याचं मापही उतरतं. म्हातारी आळशी नसते. तिचा डोळा खरं तेच सांगतो.

म्हणून घराला पायऱ्या बांधताना गवंड्याला आधी घरातली म्हातारी माणसं दाखवा. पायऱ्या बुटक्या ठेवा, आणि साऱ्या एकसारख्या ठेवा. एखादी जरी उंच-सखल झाली, तरी पाय फसतो.