तीनचाकी बाबागाडी : गैरसमज आणि वस्तुस्थिती

घरात मूल यावयाचे ठरले म्हणजे ज्या वस्तूंची तजवीज आधीच करून ठेवावी असे वडीलधाऱ्यांपासून धाकट्यांपर्यंत सर्वांना वाटू लागते, त्यांत बाबागाडीचा क्रम अलीकडे पुष्कळ वर गेला आहे. आणि ती तीन चाकांची घ्यावी की चार चाकांची, या एकाच प्रश्नापाशी बहुतेक घरांतील चर्चा येऊन थांबते. वस्तुतः या निवडीत चाकांच्या संख्येला दुय्यम स्थान आहे. बाळाचे वय किती, आणि गाडी रोज कोणत्या वाटेने ढकलावयाची आहे, या दोन गोष्टींचा निकाल आधी लागला पाहिजे. त्या ठरल्या की चाके तीन असावीत की चार, हे बहुधा आपोआप ठरते. तथापि तीनचाकीविषयी काही समजुती इतक्या खोल रुजल्या आहेत, आणि त्यांतील काही बाळाच्या जिवाशी खेळ करणाऱ्या आहेत, की त्यांची शहानिशा सविस्तर करणे मला अगत्याचे वाटते.

तीनचाकी ही अलीकडची टूम आहे, या समजुतीचा परामर्श थोडक्यात घेता येईल. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडमध्ये मागून ढकलावयाच्या बाबागाड्या जेव्हा प्रथम प्रचारात आल्या, तेव्हा त्यांतील पुष्कळशा तीनचाकीच होत्या. पुढे चारचाकीचा अंमल सुरू झाला. विमानांच्या उतरण्याच्या चाकांच्या रचनेवर काम केलेल्या ओवेन मॅक्लॅरन या इंग्रज अभियंत्याने १९६५ मध्ये छत्रीप्रमाणे मिटणाऱ्या हलक्या गाडीचे पेटंट घेतले, तेव्हापासून तर लहान चाकांची चारचाकीच जगभर रूढ झाली. मोठ्या चाकांची तीनचाकी पुन्हा पुढे आली ती अमेरिकेत. वॉशिंग्टन राज्यातील याकिमा या गावच्या फिल बेक्लर या पत्रकाराला धावण्याचा नाद होता आणि मुलालाही बरोबर न्यावयाचे होते. त्याने बाबागाडीला सायकलीची चाके बसवून पाहिली, आणि १९८४ मध्ये त्यातूनच ‘बेबी जॉगर’ ही कंपनी उभी राहिली. आपल्याकडच्या लाकडी पांगुळगाड्यालाही तीनच चाके असतात, हे येथे सहज आठवते.

आता मुख्य आक्षेपाकडे वळू. तीनचाकी हमखास उलटते, असे एक पक्ष म्हणतो. तीन बिंदूंवर उभी असलेली वस्तू कधी डगमगत नाही, सबब तीनचाकीच अधिक स्थिर, असे दुसरा पक्ष म्हणतो. दोन्ही विधानांत सत्याचा अंश आहे आणि दोन्ही अपुरी आहेत. शेणाने सारवलेल्या उंचसखल जमिनीवर तिवई न लचकता उभी राहते आणि चौरंग मात्र एका पायावर डुगडुगतो, त्याच न्यायाने तीनचाकीची तिन्ही चाके खडबडीत वाटेवर सदैव जमिनीला टेकलेली असतात, हे निर्विवाद होय. परंतु न डुगडुगणे निराळे आणि न कलंडणे निराळे. गाडी कलंडते ती तिच्या चाकांना जोडणाऱ्या रेषेवरून. चारचाकीचा पाया आयताकृती, तर तीनचाकीचा त्रिकोणी, आणि हा त्रिकोण पुढे निमुळता होत जातो. समजा, मागच्या दोन चाकांत ६० सेंटिमीटर अंतर आहे, मागच्या आसापासून पुढचे चाक ७५ सेंटिमीटरवर आहे, आणि मुलासह गाडीचा गुरुत्वमध्य मागच्या आसाच्या २५ सेंटिमीटर पुढे आहे. तर त्या मध्यापासून कलंडण्याच्या रेषेपर्यंतचे काटकोनातील अंतर सुमारे साडेअठरा सेंटिमीटर भरते. तेवढ्याच रुंदीच्या चारचाकीत ते ३० सेंटिमीटर असते. मूल पुढे वाकले, किंवा कोणी पुढच्या पायठेवणीवर थोरल्या भावंडाला उभे केले, आणि गुरुत्वमध्य आणखी १० सेंटिमीटर पुढे सरकला, की तीनचाकीतील हे अंतर १५ सेंटिमीटरच्या आत येते. मात्र बाजारात मिळणाऱ्या ४५ सेंटिमीटर रुंदीच्या हलक्या चारचाकीतही ते अवघे साडेबावीस सेंटिमीटर असते, ही गोष्ट तीनचाकीला नावे ठेवणाऱ्यांनी ध्यानात घ्यावी.

या हिशेबाचा व्यवहारात उपयोग असा, की तीनचाकी निवडताना मागचा आस रुंद आहे काय, बैठक जमिनीपासून फार उंच तर नाही ना, आणि मुलाचा भार पुढच्या चाकाकडे न झुकता मागच्या आसाजवळ पडतो काय, या तीन गोष्टी पाहाव्यात. दुकानातील गुळगुळीत फरशीवर रिकामी गाडी एका बोटाने फिरवून दाखविली जाते, त्यावरून यातले काहीच कळत नाही. बैठकीत ८-१० किलोंची तांदळाची पिशवी ठेवून पट्टे आवळावेत, आणि मग हँडल धरून गाडी एका बाजूस हळूहळू कलती करून पाहावी. मागचे चाक किती लवकर उचलले जाते आणि हाताला किती जोर लागतो, हे कोणत्याही जाहिरातीपेक्षा अधिक प्रामाणिकपणे समजते.

चाकांच्या संख्येपेक्षा चाकांच्या आकाराला अधिक महत्त्व आहे, हे फार थोड्यांच्या लक्षात येते. पुण्यामुंबईच्या पदपथावरून गाडी नेणाऱ्याला सुटलेल्या पेव्हर ब्लॉकच्या कडा, गटाराची झाकणे आणि सोसायटीच्या फाटकातील लोखंडी पट्टी यांच्याशी रोज सामना करावा लागतो. २ सेंटिमीटर उंचीची कडा केवळ सरळ ढकलून ओलांडावयाची झाल्यास १५ सेंटिमीटर व्यासाच्या चाकाला त्यावरील भाराच्या सुमारे नऊ दशांश इतका जोर लावावा लागतो. ३० सेंटिमीटर व्यासाच्या चाकाला सहा दशांशाहूनही थोडा कमी पुरतो. तीनचाकीचे पुढचे चाक बहुधा मोठे असते, शिवाय हँडल खाली दाबून एकच चाक वर उचलणे सोपे जाते. तिच्या सुखद चालीचे श्रेय या दोन गोष्टींना आहे. हवेचे टायर धक्के उत्तम शोषतात, परंतु पंक्चर होतात आणि त्यांची हवा वरचेवर पाहावी लागते; हवा किती भरावी हे टायरच्या बाजूवर छापलेले असते, आणि पेट्रोल पंपावरील यंत्राने घाईने हवा भरून घेण्यापेक्षा सायकलच्या साध्या पंपाने बेताबेताने भरणे इष्ट. टेकडीवर, मैदानात, मुरुमाच्या वाटेवर रोज जाणाऱ्याने हवेचेच टायर घ्यावेत असे माझे स्पष्ट मत आहे. लिफ्ट, मॉल आणि मोटारीची डिकी एवढाच ज्याचा परिघ आहे, त्याने हा व्याप पत्करण्याचे काही कारण नाही.

यापुढील गैरसमज मात्र गंभीर आहे. गाडीला तीन चाके आहेत, म्हणजे ती घेऊन धावता येते, असे कित्येक सुशिक्षित माणसेही गृहीत धरतात. बाजारातील अनेक तीनचाकी गाड्या केवळ खडबडीत वाटेवर चालण्यासाठी बनविलेल्या असतात, आणि त्यांच्या माहितीपुस्तिकेत ‘धावताना वापरू नये’ अशी स्पष्ट ताकीद असते. धावण्यासाठीच्या गाडीत पुढचे चाक कायमचे सरळ असते, किंवा खटका लावून सरळ जखडता येते. कारण मोकळे फिरणारे चाक वेग वाढताच थरथरू लागते, आणि लहानशा खड्ड्यात एकाएकी आडवे वळले तर गाडी जागच्या जागी अडून मुलासह उलटते. अशा गाडीला उसळी शोषणारी रचना हवी, मनगटात अडकविण्याचा पट्टा हवा, आणि उतारावर वेग आवरणारा हातब्रेक असल्यास उत्तम. इतके सारे असूनही बाळाचे वय आड येते: किमान सहा महिने पूर्ण होऊन मान पक्की धरल्याखेरीज त्याला गाडीत घालून धावू नये, हा बालरोगतज्ज्ञांचा सर्वसाधारण सल्ला असून काही उत्पादक तर आठ महिन्यांची मर्यादा घालतात. धक्क्यांनी मान हेलकावू न देण्याचे बळ तोवर त्या कोवळ्या स्नायूंत आलेले नसते.

पुढचे चाक काढघाल करता येणारे असेल, तर त्याच्या खटक्याकडे विशेष लक्ष द्यावे. २०१८ मध्ये अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने धावण्याच्या एका नामांकित तीनचाकीविरुद्ध रीतसर तक्रार दाखल केली. झटपट सुटणारे पुढचे चाक वापरात असतानाच निखळल्याचे सुमारे २०० दाखले तिच्यात नमूद होते, आणि त्यांत मुले व मोठी माणसे दोन्ही जखमी झाली होती. सायकलीच्या चाकाला असते तशी ही कळ असते. ती बंद करताना तळहातावर तिचा ठसा उमटावा इतका जोर लागला पाहिजे. बोटाने अलगद मिटली, तर ती सैल आहे असे समजून पलीकडचे नट आवळावे. चाक बसविल्यावर गाडी पुढून उचलून ते चाक खाली ओढून पाहण्याची सवय प्रत्येक फेरीपूर्वी असावी.

‘पाच ठिकाणी आवळणारा पट्टा आहे, तेव्हा नवजात बाळालाही बसवायला हरकत नाही,’ हे वाक्य मी अनेकदा ऐकले आहे, आणि दर वेळी मला त्याची धास्ती वाटली आहे. पट्टा मुलाला पडू देत नाही. श्वासाची हमी तो देत नाही. पहिल्या काही महिन्यांत बाळाचे डोके शरीराच्या मानाने जड असते, आणि ताठ बैठकीत ते पुढे लवून हनुवटी छातीला टेकली, तर श्वासमार्ग आवळला जातो. मूल रडत नाही, धडपडत नाही, म्हणून आपल्याला कळतही नाही. युरोपच्या ईएन १८८८ या मानकानुसार नवजातासाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या बैठकीची पाठ व आसन यांतील कोन किमान १५० अंशांपर्यंत उघडला पाहिजे; जी बैठक इतकी मागे कलत नाही, तिच्यावर सहा महिन्यांखालील बाळासाठी अयोग्य असल्याची सूचना असते. तीनचाकीला वेगळा सपाट पाळणा जोडता येत असेल, तर पहिल्या महिन्यांसाठी तोच उत्तम. घरी परतल्यावर झोपलेले बाळ गाडीतच राहू न देता पाठीवर, सपाट व घट्ट गादीवर निजवावे.

ब्रेक लावला की गाडी जागची हलणार नाही, हा विश्वासही तपासून घेण्याजोगा आहे. ब्रेक लावल्यावर गाडी पुढेमागे रेटून पाहावी. दातेरी चाकात खटका पूर्ण बसेपर्यंत काही गाड्या बोटभर सरकतात, आणि अर्धवट बसलेला खटका एका धक्क्याने सुटतो. २००९ च्या ऑक्टोबरात मेलबर्नमधील अॅशबर्टन स्थानकावर आईचा हात क्षणभर सुटताच तीनचाकी गाडी घरंगळत रुळांवर जाऊन पडली आणि येणाऱ्या आगगाडीने तिला फरपटत नेले. मूल किरकोळ दुखापतीवर बचावले, हे केवळ दैव. ऑस्ट्रेलियात मनगटाचा पट्टा आणि लाल रंगाची ब्रेककळ या दोन्ही गोष्टी कायद्याने सक्तीच्या आहेत. आपल्याकडे विकत घेतलेल्या गाडीला असा पट्टा नसेल, तर तो मागून घ्यावा, आणि उतारावर, फलाटावर किंवा तलावाकाठी तो मनगटात अडकविल्याशिवाय उभे राहू नये. भाजीची पिशवी हँडलला लटकविण्याचा मोहही टाळावा. हँडल मागच्या आसाच्या मागे असल्याने तेथील भार मूल बसलेले असेतो सोसतो. मुलाला उचलताच तोच भार गाडीला मागे आडवी करतो, आणि मूल अर्धवट उचललेल्या अवस्थेत असले तर त्यालाही घेऊन पडतो. पिशवीची जागा बैठकीखालच्या टोपलीत.

उन्हाळ्यात गाडीवर पांघरावयाच्या कापडाविषयीही असाच समज आहे, की सुती दुपट्टा टाकला म्हणजे आत गारवा राहतो. कोरड्या कापडाने सर्व बाजू झाकल्या की आतील हवा खेळत नाही आणि उष्मा वाढत जातो. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हात तर दुपारी बाळाला बाहेर न काढणे हाच उपाय. काढणे भाग पडले, तर गाडीचे छत पुढे ओढून बाजू मोकळ्या ठेवाव्यात आणि मानेला हात लावून मधूनमधून पाहावे. शहरातील धुराची गोष्ट वेगळी आहे. इंग्लंडमधील सरे विद्यापीठातील प्रशांत कुमार यांच्या चमूने २०१८ मध्ये मांडलेल्या अभ्यासानुसार गाडीतील मुलाचा श्वास जमिनीपासून सुमारे ५५ ते ८५ सेंटिमीटर उंचीवर चालतो आणि वाहनांचा धूर पहिल्या मीटरभरातच सर्वाधिक दाट असतो. त्यामुळे मुलाच्या वाट्याला मोठ्यांपेक्षा ६० टक्क्यांपर्यंत अधिक प्रदूषण येऊ शकते. चौकात सिग्नलला थांबताना गाडी पदपथाच्या कडेशी न आणता चार पावले मागे घ्यावी, आणि दोन बैठका तुल्यबळ असतील तर त्यांतील उंच बैठकीचा विचार करावा. मात्र उंची वाढली की कलंडण्याचा धोकाही वाढतो, म्हणून आस तितकाच रुंद असला पाहिजे.

राहिला जागेचा प्रश्न. तीनचाकीचा मागचा आस रुंद असल्याने जुन्या इमारतीच्या लिफ्टमध्ये, विशेषतः जाळीच्या दारांच्या लिफ्टमध्ये, ती अडते. तेव्हा दाराची मोकळी रुंदी मोजूनच दुकानात जावे, आणि गाडी मिटल्यावर डिकीत मावते काय हेही तेथेच पाहावे. नातेवाइकांकडून जुनी गाडी येणार असेल, तर संकोच न धरता ती उलटी करून तपासावी: पट्ट्यांची शिवण, मिटण्याच्या सांध्यांतील भेगा, टायरच्या बाजूंवरचे तडे, आणि गाडी उघडी ठेवणारी दुय्यम कडी नीट बसते काय. उत्पादकाचे नाव व मॉडेलचा क्रमांक चौकटीवरील चिठ्ठीत असतो, त्यावरून ती कधी सुरक्षेच्या कारणास्तव परत मागविली गेली होती काय, हेही शोधून काढता येते.