भाताच्या दारावरची बेल

दोस्तांनो, पावसाळ्यात पेणच्या रामवाडीकडे गेलात, तर भातखाचराच्या बांधावर जरा थांबा. लावणी होऊन महिनाभर झालेलं एखादं रोप नीट बघा. (उपटू नका हं!) पानाचा खालचा भाग खोडाभोवती गुंडाळलेला असतो आणि वरचं पातं बाहेर झुकतं. दोन्ही जुळतात तिथे एक फिकट सांधा दिसेल. पातं तिथेच का बरं वाकतं?

सांध्याच्या आतल्या बाजूच्या पेशी जास्त लांब होतात, म्हणून! त्यांना तसा हुकूम देतं ब्रासिनोस्टेरॉइड नावाचं संप्रेरक. १९७९ साली अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी ते मोहरीच्या भाऊबंदांतल्या एका पिकाच्या परागातून वेगळं काढलं. मधमाश्यांनी जमवलेले किलोच्या किलो पराग खर्ची पडले, आणि हाती आले अवघे काही मिलिग्रॅम.

आता गंमत ऐका. आपल्या शरीरातली स्टेरॉइड संप्रेरकं बहुधा थेट पेशीत शिरतात आणि आतल्या प्रथिनाला जाऊन भेटतात. वनस्पतीत मात्र हा पाहुणा दारातच अडतो. पेशीच्या पटलात एक प्रथिन रुतलेलं असतं. त्याचा एक भाग बाहेर, एक आत. अगदी दारावरच्या बेलसारखं! बटण बाहेर दाबायचं, आवाज घरात. संप्रेरक बाहेरच्या खोबणीत बसलं, की शेजारचं दुसरं प्रथिन येऊन त्याला बिलगतं. मग आतल्या बाजूला दोघं एकमेकांना फॉस्फेट चिकटवतात. ही खूण हातोहात केंद्रकापर्यंत पोचते आणि वाढीची जनुकं कामाला लागतात.

हे कळलं कसं? बिघडलेल्या बेलमुळे! आराबिडॉप्सिस या चिमुकल्या रोपाची काही बुटकी भावंडं संप्रेरक देऊनही वाढेनात. म्हणजे निरोप होता, पण तो ऐकणारं कुणी नव्हतं. १९९७ मध्ये कॅलिफोर्नियाच्या साल्क इन्स्टिट्यूटमधल्या जियानमिंग ली आणि जोआन कोरी यांनी बिघडलेलं जनुक शोधून काढलं. २००० साली जपानी शास्त्रज्ञांना भातातही तशीच बेल सापडली. ती बिघडलेलं भात बुटकं राहतं आणि त्याची पानं पहारेकऱ्यासारखी ताठ उभी!

ताठ पानं शेतकऱ्याच्या फायद्याची बरं का. खालच्या पानांनाही ऊन मिळतं, रोपं दाट लावता येतात. पण बेल फारच बिघडली, तर दाणे बारीक पडतात. म्हणून ती नेमकी किती बिघडवायची, यावर शास्त्रज्ञांची खटपट चालू आहे.